चोवीस गुरूंचा खांब

१२ नोव्हेंबर, कालभैरव जयंती

पहाटे स्नान, संध्या, पाठ. गुडघे आज बरे.

सकाळी बापूराव आले. कन्नडच्या पुढे, घाटाच्या तोंडाशी त्यांचे गाव. तिथल्या दत्तमंदिराचे विश्वस्त. जुना सभामंडप उतरवला, त्यात एकच सागवानी खांब धड निघाला. त्याचा चार फूट उंचीचा गोल खांब घडवायचा, माथ्यावर पादुका, आणि अंगावर अवधूताचे चोवीस गुरू. तीन ओळी, प्रत्येकीत आठ. भक्ताने तीन प्रदक्षिणा घालाव्यात, एकेका फेरीत आठ गुरूंचे दर्शन क्रमाने घडावे. ही योजना माझी. काम आमच्या सूनबाईंचे, चि. सौ. वैशालीचे. स्थापना दत्तजयंतीस, म्हणजे हातात तीन आठवडे.

बापूराव तिला म्हणाले, "दुसरं लाकूड नाय बरं का ताई. आमच्या आज्या-पणज्यांनी पाठ टेकल्याला खांब हाय ह्यो. बिघडला तर गावात तोंड दाखवायला जागा नाय." मग माझ्याकडे वळून, "पर अण्णांनी बघितलंय म्हणल्यावर आमी डोळे झाकून."

हे ऐकून बरे वाटले. इतके बरे वाटणे चांगले नव्हे, हेही कळले.

(सूनबाईंचे नाव संक्षेपाने 'वै.' लिहिणार होतो. पण ती खूण वैकुंठवासीयांसाठी राखलेली. म्हणून यापुढे 'सू.')

१४ नोव्हें.

सू. संगणकावर काय करते, ते आज प्रथमच शेजारी बसून पाहिले. सहा वर्षे एका घरात राहून प्रथमच. हे लिहिताना संकोच वाटतो.

पडद्यावर हत्ती. जवळून पाहता त्याचे अंग म्हणजे सहस्रावधी त्रिकोणांची विणलेली जाळी. सर्व बाजूंनी फिरवता येतो. पोट, शेपूट, तळपायसुद्धा. "हा पूर्ण हत्ती, अण्णा. आता याचा उठाव करायचा, म्हणजे लाकडातून थोडं वर आलेलं कोरीव चित्र."

म्हटले, उठावात गमावते काय?

ती म्हणाली, "वरून सरळ पाऊस पडतोय असं धरा. थेंब जिथं पोचतो तेवढं राहतं. पोटाखालचं कोरडं राहिलं ना, ते गेलं. आणि खांबावर पाऊस वरून नाही, चहूबाजूंनी आत पडतो. मधल्या दांड्याकडे."

चाळीस वर्षे संस्कृत शिकवले. असा दृष्टान्त वर्गात सुचता तर विद्यार्थी वर्षभर विसरले नसते.

हत्ती समोरून घेतला तर सोंड चेपून पोळी होते. म्हणून तिने त्याला बाजूने उभा केला. अर्धा इंच जाडीत अख्खा हत्ती. श्वास घेतो असे वाटले.

चोवीस उठाव आधी एका सपाट तावावर मांडायचे, मग तो ताव खांबाला गुंडाळायचा. व्यास चौदा इंच. परीघ किती, हे तिने यंत्राला विचारण्याआधी मी सांगितले: बावीस सप्तमांशाने चव्वेचाळीस. ती हसली. आठ घरे, प्रत्येकी साडेपाच इंच. गुरूंना जागा पुरेशी.

सहा वर्षांपूर्वी तिने शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीची नोकरी सोडून हे सुरू केले, तेव्हा मी जेवताना म्हणालो होतो, यंत्राने कोरलेल्यात देव येत नाही. ते वाक्य तिने कधी परत काढले नाही. मीही नाही.

१५ नोव्हें., एकादशी

उपास. दिवसभर ताव आखला. चव्वेचाळीस इंची कागद जेवणाच्या टेबलावर पसरून तीन ओळी, चोवीस घरे. वरची ओळ: पृथ्वी, वायू, आकाश, जल, अग्नी, चंद्र, सूर्य, कपोत. मधली अजगरापासून माशापर्यंत. खालची गणिकेपासून कुंभारीण माशीपर्यंत. प्रत्येक घरात नाव, क्रमांक, आणि मूर्तीचे लक्षण बारीक अक्षरात.

खाली लिहिले: 'क्रम शास्त्रानुसार तपासला.' सही, तिथी.

अक्षर अजून कापत नाही. ईश्वराची कृपा.

१८ नोव्हें.

सू. विचारते, "आकाश कसं कोरू?"

दोन दिवस विचार करून उत्तर दिले: कोरू नकोस. घर रिकामे, गुळगुळीत ठेव. ज्याला कशाचा लेप लागत नाही, त्याला छिन्नी तरी कशाला लावायची.

"आणि वारा?" वाऱ्याला तिने एक पिंपळाची डहाळी दिली, सगळी पाने एका दिशेला वळलेली. मी सुचवले नव्हते.

कुमारिकेची कथा तिला सांगितली. घरी पाहुणे आलेले, ही आत साळी कांडते; हातातली कांकणे वाजतात, दारिद्र्याची वार्ता बाहेर जाते; म्हणून एकेक फोडत शेवटी प्रत्येक हातात एकच ठेवते. सू. ऐकत होती आणि पडद्याकडे बोट दाखवत होती. म्हणाली, "अण्णा, मी सकाळपासून याच्याशीच झगडतेय. या मापात दोन बांगड्या शेजारी बसतच नाहीत. मधली फट इतकी बारीक की यंत्राचं पातं आत शिरत नाही, सगळं मिळून एक जाड कडं होतं. एकच ठेवली की स्वच्छ येते."

चहा निवला.

२० नोव्हें., अमावास्या

आज मंगल काम नको, म्हणून कडुनिंबाच्या ओंडक्याचे पहिले हातभर अंतर चाचणीसाठी. यंत्र शेंद्र्याच्या शेडमध्ये. ते चालवतात सलीमभाई. साठीचे आहेत, बाप-आजोबा सुतार. सू. सायंकाळी फोटो घेऊन आली.

सूर्य गोल नव्हे. उभा, चेपलेला. फाइलीत व्यास पंधरा राहिला होता, ओंडका चौदाचा, ताव आक्रसला. सलीमभाई तिला म्हणाले म्हणे, "सूरज का भी उपवास चल रहा क्या मैडम? दुबला हो गया."

तिने तासाभरात सुधारले. चूक दिसली की चेहरा पडत नाही तिचा, भुवया वर जातात. गुण आहे.

२३ नोव्हें.

शेंद्र्याला सू.बरोबर गेलो. मूळ खांब पाहिला. चौकोनी, काळा पडलेला, खालच्या बाजूस शेंदराचे डाग. नमस्कार केला.

सलीमभाई त्यावर लोहचुंबक फिरवत होते. वीतभर, वीतभर, वैद्य छाती तपासतो तसे. जुन्या लाकडात खिळे मुरलेले असतात. पाते त्यावर गेले तर पातेही गेले आणि खांबही. तीन निघाले. चौथ्यासाठी त्यांनी चुंबक बाजूला ठेवून लाकडावर टिचकी मारली आणि कान लावला. "इधर भी कुछ है, अण्णाजी." होता. वीतभर लांब, हातोडीने घडवलेला.

मला खुर्ची दिली, पाणी दिले. "आप बैठो. आपकी तो बस नजर चाहिए."

२५ नोव्हें.

कडुनिंबाचा पूर्ण नमुना आज टेम्पोने घरी आला. ओसरीत उभा केला. चोवीसही उतरले आहेत. कपोताच्या पंखातली पिसे मोजता येतात. बाण करणारा कारागीर, समोरून राजाची मिरवणूक जाते तरी मान वर न करणारा. त्याचे हात सू.ने सलीमभाईंच्या हातांवरून घेतले. तिनेच सांगितले, दबकत. मी म्हटले, योग्य केलेस.

शेजारचे चौघे पाहून गेले. मी प्रत्येकाला क्रम समजावून सांगितला. आवाज नेहमीपेक्षा मोठा होता बहुधा.

उद्या चंपाषष्ठी. सकाळी दहास मूळ खांब यंत्रावर.

२६ नोव्हें., चंपाषष्ठी

रात्र झाली आहे. तरी आजच लिहिले पाहिजे.

सू. नऊला निघाली. मी पूजा आटोपून ओसरीत आलो. वाटले, गावातील म्हातारा जशी घालील तशी एक प्रदक्षिणा या नमुन्याला आपण घालून पाहावी. काठी घेतली, खांब उजव्या हाताशी ठेवला, पृथ्वीपासून निघालो.

पृथ्वीनंतर कपोत आला.

मग सूर्य. मग चंद्र, अग्नी, जल. चष्मा पुसला. पुन्हा निघालो. पृथ्वी, कपोत, सूर्य.

उलट. तिन्ही ओळी उलट.

मी ताव आखला तो पोथी लिहावी तसा, डावीकडून उजवीकडे. पण देव उजव्या हाताशी ठेवून फिरणारा माणूस खांबाकडे तोंड करतो तेव्हा त्याचे पाऊल डावीकडे पडते. पुढचा गुरू त्याला डावीकडून भेटला पाहिजे. ऐंशी वर्षे प्रदक्षिणा घालतो आहे. हे पायांना ठाऊक होते, हाताला नव्हते.

खाली सही माझी.

फोन केला. पाच वेळा. बाण करणाऱ्याला राजाची मिरवणूक ऐकू येत नाही, तिला सासऱ्याचा फोन. यंत्राच्या आवाजात कोणालाच येणार नाही. दाराशी रिक्षा थांबवली. शेंद्रा म्हटल्यावर रिक्षावाला वळून पाहू लागला: "कंपनी में भरती होने जा रहे क्या बाबा?" म्हटले, हो, आजचाच दिवस आहे, हाक लवकर.

शेडच्या पत्र्यावर काठी वाजवत आत गेलो. खांब फिरत होता. गोलाई पूर्ण झाली होती, सलीमभाई कोरणीचे पाते बसवत होते.

सू. धावत आली. "अण्णा! घरी काय झालं?"

"घरी काही नाही. खांब थांबव."

शब्दांनी तिला पटेना. पडद्यावर तिने फिरवून दाखवले: पृथ्वी, वायू, आकाश, सरळ. मी म्हटले, तो ताव काढ. माझा आखलेला. तिला मध्ये उभे केले, ताव तिच्या कमरेभोवती गुंडाळला, टोके तिच्याच हाती दिली. आणि काठी टेकत तिच्याभोवती निघालो. एक. आठ. सात. सहा.

सलीमभाई पाते हातात धरून बघत राहिले. "अण्णाजी, ये क्या, बहू की परिक्रमा?"

कोणी हसले नाही. सू. तशीच कागद धरून उभी. मग हळू म्हणाली, "मी पडद्यावर खांब फिरवत होते. देवळात खांब उभा असतो. माणूस फिरतो."

म्हटले, चूक माझी. तू तावाप्रमाणे केलेस.

तिने पाते उतरवायला सांगितले.

२७ नोव्हें.

सलीमभाईंनी सुचवले, "एक बटन है न मैडम. मिरर. सब उलटा हो जाता." दोन दिवसांचे काम एका क्षणात.

सूनबाईंनी माझ्याकडे पाहिले. विचारायच्या आत मी नकारार्थी मान हलवली. पण कारणे तिनेच सांगितली, मला सांगावी लागली नाहीत. "आरसा धरला की क्रम सुधारेल, माणसं बिघडतील. बाणवाला डावखुरा. बायकांचा पदर उजव्या खांद्यावर. चंद्रकोर शुक्ल पक्षातली, ती कृष्ण पक्षात जाईल. नको सलीमभाई. एकेक उचलून परत मांडते." चोवीस जाळ्या, चोवीस वेळा.

मला चंद्राचे सुचले नसते. हे इथे नोंदवून ठेवतो.

नवा ताव आखायला बसलो तर हात पुन्हा डावीकडूनच सुरू होई. दोन कागद वाया. सलीमभाई फोनवर म्हणाले, "अण्णाजी, उर्दू में लिखो न. अपने आप सीधा आएगा." आणि खरेच आठवले. माझी पहिली इयत्ता निजामाच्या अमलातली, पाटीवर अलिफ-बे गिरवलेली, चुकले की छडी. अठ्ठ्याहत्तर वर्षांनी कागदाच्या उजव्या कोपऱ्यात अलिफ काढला. त्यात पृथ्वी. बेमध्ये वायू. हात बिनतक्रार डावीकडे सरकला.

दुपारी स्वयंपाकघरातून सूनबाईंचा फोनवरचा आवाज. पलीकडे बापूराव. "दोन दिवस उशीर होईल. नाही, अण्णांनी बरोबर दिलं होतं. फाइलमध्ये माझ्याकडून चूक झाली."

मी ओसरीत होतो. उठून आत गेलो नाही. जायला हवे होते.

२९ नोव्हें.

नव्या क्रमाने कोरणी सुरू. रात्रंदिवस चालणार, सू. व सलीमभाई पाळीपाळीने. जेवायला घरी यावे लागू नये म्हणून मी दोघांचा डबा घेऊन जातो. त्याच रिक्षेने. रिक्षावाला विचारतो, "बाबा, पक्के हो गए क्या कंपनी में?"

यंत्राजवळ बसलो. खांब हळूहळू फिरतो, पाते नखभर नखभर पुढे सरकते, भुसा उडतो. जुन्या सागाचा वास. पृथ्वी उमटताना पाहिली.

आणखी एक ओळ लिहितो, कारण ती लिहिली नाही तर बाकीचे खोटे: मला अभिमान वाटतो. स्वतःचा नव्हे.

१ डिसेंबर, एकादशी

उपास. कुमारिका पूर्ण. एकेका हातात एकच कांकण.

३ डिसें.

काल सायंकाळी कोरणी संपली. आज घासकाम, तेल. सागवान मधासारखा दिसू लागला. मी तीन प्रदक्षिणा घातल्या. चोवीस गुरू, आपापल्या जागी, आपापल्या वेळी भेटले.

बापूराव जीप घेऊन आले. बोटांनी मोजत फिरले. "अण्णा, ह्ये तेवीसच भरत्यात की! हितं काय राह्यलं व्हय?"

"आकाश."

त्यांनी त्या रिकाम्या घरावरून तळवा फिरवला. "मग बराबर हाय. लई बराबर हाय."

खांब जीपमध्ये चढवताना सलीमभाई एकदम थांबले. त्याच रिकाम्या घरात, केसासारखी चीर. उभी. सकाळी नव्हती. शंभर वर्षे आत मिटलेले लाकूड हवेला उघडे झाले की असे कधी होते, म्हणाले. भुसा आणि सरस भरू का, विचारले.

सू. म्हणाली, "नको. आत्ता भरली तर उन्हाळ्यात दुसरीकडून फाटेल. राहू दे."

बापूराव डोक्याला हात लावून: "आता आभाळच फाटलं म्हणल्यावर ठिगळ तरी कुठं लावावं!" आणि स्वतःच हसले. मग सगळेच. तिने फोनवर स्वतःवर घेतलेल्या दोषाचे माझ्यावरचे ओझे मात्र तसेच.

४ डिसें., दत्तजयंती

सूर्यास्ताला जन्मोत्सव, पाळणा. त्याआधी खांबाची स्थापना, पादुकांवर अभिषेक. मला दोन शब्द बोलायला उभे केले. बापूरावांनी ओळख करून देताना म्हटले, की क्रम साक्षात अण्णांनी तपासलेला.

तेव्हा सांगितले. सगळे, सर्वांसमोर. की मी तपासलेला क्रम उलटा होता, की ऐंशी वर्षे प्रदक्षिणा घालून मला प्रदक्षिणा आखता आली नाही, की फोनवर दोष स्वतःवर घेतला तो माझ्या सुनेने, आणि चोवीसही गुरू पुन्हा जागेवर बसवले तेही तिनेच. की बाण करणाऱ्याचे हात शेंद्र्याच्या सलीमभाईंचे आहेत, ते तिथे मागे उभे आहेत.

मग बापूराव मोठ्याने: "म्हंजे अण्णा, पंचविसावा गुरू सूनबाईच म्हणा की!"

हशा. टाळ वाजले. सू. पदराने तोंड झाकून खांबामागे गेली. सलीमभाई आपले हात पाहत होते, जणू कोणाचे आहेत.

पहिली फेरी गावातल्या एका वृद्धेने घातली. कमरेत वाकलेली. खांब उजव्या हाताशी, एकेका घराला बोट लावून डोळ्यांना लावत. रिकाम्या घराशी आली, बोट चिरेवरून नेले, तेही डोळ्यांना लावले, पुढे गेली. कोणाला काही विचारले नाही.

५ डिसें.

पहाटे परत. जीपमध्ये सू. शेजारी. कन्नड मागे पडल्यावर धीर करून म्हटले, "सहा वर्षांपूर्वी मी म्हणालो होतो, यंत्राने कोरलेल्यात—"

"म्हणाला होता? मला नाही आठवत, अण्णा."

तिला आठवते. खिडकीबाहेर पाहत होती.

घरी आल्यावर तिने विचारले, कडुनिंबाचा तो उलटा खांब शेडमध्ये नेऊ का, जागा अडते. म्हटले, ओसरीत राहू दे. मला रोज समोर दिसायला हवा.

गावाहून निघण्यापूर्वी सलीमभाईंनी चिरेच्या खालच्या टोकाशी पेन्सिलीने आडवी रेघ मारली, शेजारी बारीक तारीख. वाढते की थांबते, ते वैशाखातले ऊन सांगेल. आकाशाच्या बरोबर खाली पतंगाचे घर आहे. रेघेपासून त्याचे पंख अडीच बोटांवर; मी मोजले.

अक्षय्य तृतीयेनंतर बापूरावांच्या गावी जायचे ठरवले आहे. सू. म्हणते, तेव्हा ऊन फार असेल, अण्णा, मी एकटी जाऊन बघून येईन. म्हटले, नाही. बरोबरच जाऊ.